ऑक्सिजन शेवटी जातो कुठे? पेशीश्वसन प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै

प्रकल्पाचा आराखडा मॅडमना दाखवला. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, ‘पेशीत साखर ऑक्सिजनच्या साहाय्याने जळते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ऊर्जा मिळते.’ मॅडमनी ‘जळते’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “श्वासातून आत घेतलेला ऑक्सिजन शेवटी कशात जातो, सांग बरं.”

मी लगेच म्हणाले, “कार्बन डायऑक्साइडमध्ये.”

“आत्ता उत्तर नकोय मला. प्रयोग कर, वही लिहीत जा. महिनाअखेरीस परत विचारेन.”

‘जळते’ हा शब्द काही माझ्या मनचा नाही. १७८० च्या दशकात लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळलं ते मोजलं, आणि त्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे त्यांचंच म्हणणं. हिशेब म्हणून ते चूक नाही. एक मोल ग्लुकोज, म्हणजे १८० ग्रॅम, पूर्ण ऑक्सिडीभूत झालं की सुमारे २८७० किलोज्यूल मुक्त ऊर्जा सुटते. रस्ता कुठलाही घ्या, आकडा तोच. पण भट्टीतल्या ज्वलनाला शेकडो अंश तापमान लागतं आणि शरीरातली पेशी ३७ अंशांवर हे काम करते, तेही पाण्यात बुडालेली असताना. मग ‘जळते’ म्हणायचं कशाला, हे मलाही आता खटकायला लागलंय.

५ जुलै

श्वसनमापी जोडला. मोठ्या परीक्षानळीच्या तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस (हातमोजे घालून, हे द्रावण कातडी जाळतं), त्यावर कोरड्या कापसाचा थर, म्हणजे बियांना द्रावण लागायला नको. वर मोड आलेले २५ वाटाणे. तोंडाला रबरी बूच आणि बुचातून आडवी काढलेली १ मिलीची पिपेट. पिपेटच्या टोकाशी रंगीत पाण्याचा एक थेंब.

कल्पना साधी आहे. वाटाणे ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. सोडलेला वायू हायड्रॉक्साइड शोषून घेतं. नळीतली हवा जेवढी कमी होईल तेवढा थेंब आत सरकतो, आणि तेवढाच ऑक्सिजन वापरला गेला असं धरायचं.

पहिल्या तासाची सगळी वाचनं फुकट गेली. थेंब आत यायच्याऐवजी बाहेर पळत होता. बुचाच्या कडेला व्हॅसलीन लावून झालं, नळी बदलून झाली, फरक नाही. मग तुलनेसाठी ठेवलेली काचमण्यांची नळी पाहिली तर तिच्यातलाही थेंब हलत होता. काचमणी काही श्वास घेत नाहीत! दोष हाताच्या उबेचा निघाला. वाचन घेताना मी नळी मुठीत धरत होते. नळीत हवा साधारण ३० मिली. तापमान १ अंशाने वाढलं की ही हवा सुमारे ०.१ मिलीने फुगते. म्हणजे वाटाण्यांनी दोन-तीन मिनिटांत वापरलेला ऑक्सिजन माझ्या मुठीने एका अंशात झाकून टाकला.

आता नळ्या २५ अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडवायच्या, दहा मिनिटं स्थिरावू द्यायच्या, आणि हात लावायचा नाही.

६ जुलै

आज वाचनं जमली. २० मिनिटांत:

मोड आलेले वाटाणे: ०.७४ मिली
कोरडे वाटाणे: ०.०५ मिली
काचमणी: ०.०२ मिली

कोरडे वाटाणे आकाराने लहान असतात, म्हणून त्यांच्या नळीत काचमणी टाकून तिन्ही नळ्यांतली हवा सारखी केली होती. काचमण्यांचे ०.०२ सगळ्यांतून वजा केले. मोडवाल्यांचे उरले ०.७२ मिली. तीन वेळा करून पाहिलं, ०.६८ ते ०.७५ च्या मध्येच राहिलं.

संध्याकाळी यावरून साखरेचा हिशेब मांडला. २० मिनिटांत ०.७२, म्हणजे तासाला २.१६ मिली ऑक्सिजन. २५ अंशांना एक मोल वायू साधारण २४.५ लिटर जागा व्यापतो, त्यामुळे हे झाले ०.०८८ मिलिमोल. सहा रेणू ऑक्सिजनला एक रेणू ग्लुकोज. २५ वाटाणे मिळून तासाला सुमारे २.६ मिलिग्रॅम साखर संपवतात आणि त्यातून ४२ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एरवी निपचित वाटणाऱ्या त्या ओल्या बियांकडे हा आकडा निघाल्यावर मी बराच वेळ बघत बसले.

१० अंशांना तेच वाटाणे: ०.२७. विकरं, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, थंडीत मंदावतात, ठरल्याप्रमाणे.

९ जुलै

उकळलेल्या वाटाण्यांची नळी मी परवा लावून ठेवली होती. पहिल्या दिवशी थेंब जागचा हलला नाही, म्हणून ‘मृत पेशीत श्वसन नाही’ असं लिहून मोकळी झाले. आज सकाळी सहज पाहिलं तर थेंब आत गेलेला! बूच काढलं तर आंबूस वास. वाटाणे मेलेलेच होते, पण त्यांच्यावर जिवाणू वाढले होते आणि ते जोरात श्वसन करत होते.

परवाचं वाक्य खोडलं नाही, त्याच्याखाली आजची तारीख घालून दुरुस्ती लिहिली. पुढच्या वेळी उकळलेल्या बिया जंतुनाशकात बुडवून घ्यायच्या.

१२ जुलै

दिवसभर ग्रंथालयात. साखर फुटण्याचा पहिला टप्पा म्हणजे ग्लायकोलिसिस. सहा कार्बनचं ग्लुकोज दहा पायऱ्यांनी फुटतं आणि तीन-तीन कार्बनचे पायरुव्हेटचे दोन रेणू उरतात. हे सगळं पेशीद्रव्यात होतं, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ऊर्जा तयार करणारं अंगक) नाही, आणि ऑक्सिजनचा इथे संबंधच येत नाही. सुरुवातीला दोन एटीपी (पेशी ज्यात ऊर्जा साठवते ते रेणू) खर्च होतात, पुढे चार मिळतात. निव्वळ हाती दोन.

मी थांबले ती ब्यूकनरपाशी. पाश्चरच्या काळापासून किण्वन म्हणजे जिवंत पेशीचं काम असं मानलं जात होतं. १८९७ मध्ये एडुआर्ड ब्यूकनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली. आणि त्या रसाला बुडबुडे आले! एकही अखंड पेशी नसताना साखरेचं अल्कोहोल होत होतं. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. साखर घातली होती ती टिकवण्यासाठी, आणि तिनेच पेशीआड दडलेली रसायनं उघडी केली.

माझ्या वहीसाठी यातला कामाचा मुद्दा असा: ग्लायकोलिसिसमध्ये साखरेतले काही इलेक्ट्रॉन काढून एनएडी नावाच्या वाहकावर चढवले जातात, त्याचं एनएडीएच होतं. पेशीकडे एनएडीचा साठा थोडाच असतो. सगळे वाहक भरून बसले की साखर फुटणं तिथेच अडतं. ऑक्सिजन नसताना यीस्ट ते इलेक्ट्रॉन ॲसिटाल्डिहाइडवर उतरवतं आणि अल्कोहोल होतं. दमलेला स्नायू पायरुव्हेटवरच उतरवतो आणि लॅक्टेट होतं. म्हणजे अल्कोहोल किंवा लॅक्टेट बनवणं हा हेतूच नाही. हेतू आहे वाहक मोकळा करून घेण्याचा. शाळेपासून किण्वनाचं समीकरण लिहीत आले, पण ते कशासाठी चालतं हे मला आज समजलं.

१६ जुलै

यीस्टने दोन दिवस चकवलं.

दोन चंबू, दोन्हीत सारखं यीस्ट आणि ५ टक्के ग्लुकोज. एक घट्ट बंद, फक्त वायू बाहेर जायला नळी. दुसऱ्यात मत्स्यालयाच्या पंपाने सतत हवा सोडलेली. अपेक्षा अशी की हवेच्या चंबूत पूर्ण श्वसन होईल, अल्कोहोल होणार नाही. पण दोन्हींना अल्कोहोलचा वास. नाकावर विसंबायला नको म्हणून दोन्हींचं ऊर्ध्वपातन करून अर्क पोटॅशियम डायक्रोमेटच्या आम्लयुक्त द्रावणात घातला. दोन्हीकडे नारिंगी रंगाचा हिरवा झाला, म्हणजे दोन्हींत अल्कोहोल.

मला वाटलं हवा कमी पडतेय. प्रकल्पातली जोडीदार म्हणाली, “अगं, साखर जास्त झाली असेल. एवढी साखर समोर असताना ते दमाने कशाला घेईल?” तिने हे सहज म्हटलं, पण तेच खरं निघालं. साखर भरपूर असली की हे यीस्ट ऑक्सिजन असूनही किण्वनच करतं. मुबलक ग्लुकोजमुळे श्वसनाला लागणाऱ्या विकरांची जनुकंच दाबली जातात. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. बेकरीचं यीस्ट कारखान्यात वाढवताना मळी एकदम न ओतता थोडी थोडी सोडतात, ती याचसाठी; नाहीतर साखर अल्कोहोलमध्ये जाते आणि यीस्टची वाढ कमी भरते.

आज साखर थेंबाथेंबाने सोडून परत केलं. अर्कातला नारिंगी जवळपास तसाच राहिला.

२० जुलै

या प्रकल्पातला मला सगळ्यांत आवडलेला दिवस.

परीक्षानळीत १० मिली यीस्टचं मिश्रण, थोडं ग्लुकोज आणि मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे पाच थेंब. ३५ अंशांच्या पाण्यात उभी केली. हलवायची नाही. सुरुवातीला सगळी नळी गडद निळी. सहाव्या मिनिटाला तळाकडून रंग विरायला लागला, अकराव्या मिनिटाला नळी यीस्टच्या मूळच्या मळकट पांढऱ्या रंगावर आली. फक्त अगदी वर, द्रव हवेला टेकतो तिथे, जेमतेम दोन मिलिमीटरची निळी कडा. डोळा नळीच्या पातळीला आणून पाहिलं तर कडेची खालची सीमा धूसर होती, वरची मात्र रेघेसारखी. तोंडावर बूच दाबून नळी जोरात हलवली, एका क्षणात सगळी निळी. परत पाण्यात ठेवली, परत पांढरी. चार वेळा तेच. उकळलेल्या यीस्टची नळी शेवटपर्यंत निळीच राहिली.

मेथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की तो रंगहीन होतो आणि ते ऑक्सिजनला दिले की परत निळा. म्हणजे यीस्ट साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन माझ्या रंगाच्या हाती देत होतं, आणि रंग ते वरच्या कडेला ऑक्सिजनच्या स्वाधीन करत होता. ऑक्सिजन साखरेला शिवलाही नाही! तो दूर टोकाला उभा होता आणि इलेक्ट्रॉन हातोहात त्याच्यापर्यंत येत होते.

मॅडमचा प्रश्न आता नीट कळतोय.

२२ जुलै

पायरुव्हेट तंतुकणिकेत गेल्यावर त्यातला एक कार्बन लगेच कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. उरलेले दोन क्रेब्स चक्रात, म्हणजे फिरून सुरुवातीला येणाऱ्या रासायनिक पायऱ्यांत, शिरतात आणि चक्राच्या एका फेरीत दोन कार्बन बाहेर पडतात. दोन पायरुव्हेट धरून सहा. हान्स क्रेब्सने हे चक्र १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून जुळवलं. ‘नेचर’ने त्याचं टिपण छापायला घेतलं नाही, ते दुसऱ्या नियतकालिकात आलं, १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मी आज कागदावर एकेक पायरी लिहून प्रत्येक ऑक्सिजन अणू मोजला. कार्बन डायऑक्साइड सुटण्याच्या सहा जागांपैकी एकाही जागी हवेतला ऑक्सिजन नाही. मग सहा कार्बन डायऑक्साइडमधले बारा ऑक्सिजन अणू आले कुठून? सहा ग्लुकोजचे स्वतःचे. बाकी सहा पाण्याचे, काही पाण्याच्या रेणूतून थेट आणि काही फॉस्फेटच्या वाटेने आत आलेले. म्हणून समीकरण असं लिहायला हवं:

ग्लुकोज + ६ ऑक्सिजन + ६ पाणी → ६ कार्बन डायऑक्साइड + १२ पाणी

दोन्हीकडचं सहा पाणी छाटून आपण समीकरण आटोपशीर करतो आणि नेमकी तीच गोष्ट छाटली जाते. श्वासातल्या सहा ऑक्सिजन रेणूंचे बारा अणू उजवीकडच्या बारा पाण्यात आहेत. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर, एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या वाहकांच्या साखळीच्या शेवटच्या विकरापाशी, ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू होतात. सायनाइड हेच शेवटचं विकर अडवतं. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही, कारण इलेक्ट्रॉन उतरवायला जागाच राहत नाही.

२६ जुलै

थर्मास दोन. एकात मोड आलेले पाव किलो वाटाणे, दुसऱ्यात उकळून जंतुनाशकात बुडवलेले. तोंडाला रबरी बुचाऐवजी कापूस, म्हणजे हवा आतबाहेर होईल, आणि थर्मास उलटे, म्हणजे जड कार्बन डायऑक्साइड खाली झिरपून जाईल. दोन्हींची सुरुवात २४ अंशांवर. चोवीस तासांनी पहिला ३३, दुसरा २४.

नऊ अंश म्हणजे पेशीला पकडता न आलेली ऊर्जा. एक एटीपी बनवताना प्रमाण परिस्थितीत मोलमागे ३०.५ किलोज्यूल साठतात. एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी धरले तर सुमारे ९१५ ते ९७५ किलोज्यूल, म्हणजे २८७० पैकी साधारण एक तृतीयांश. बाकीची उष्णता. (जोडीदाराने तक्त्यावर ३८ एटीपी लिहिले होते. जुन्या पुस्तकांत तोच आकडा आहे. आता एका एनएडीएचमागे तीनऐवजी अडीच आणि एफएडीएच-टू या दुसऱ्या वाहकामागे दीड धरतात: १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३, आणि थेट मिळालेले ४, मिळून ३२. पेशीद्रव्यातले इलेक्ट्रॉन आत नेण्याच्या खर्चामुळे काही पेशींत ३०. तक्ता बदलला.)

हा ‘अडीच’ आधी मला पचत नव्हता. रेणू अर्धा कसा होईल? पण एटीपी इलेक्ट्रॉनच्या वहनातून थेट होतच नाही. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला उपसले जातात. पडद्याच्या दोन बाजूंत सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ, पण पडदा जेमतेम पाच नॅनोमीटर जाड. मीटरच्या हिशेबात ते तीन कोटी व्होल्ट होतात. हे प्रोटॉन परत आत येतात ते एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या विकरामधून, आणि येताना त्याचा मधला दांडा फिरवतात. दर फेरीला तीन एटीपी. धरणाचं पाणी आणि जनित्र डोळ्यांसमोर आणलं की अर्धा रेणू छळत नाही: एका एनएडीएचमुळे दहा प्रोटॉन वर चढतात, एका एटीपीला साधारण चार उतरावे लागतात.

पीटर मिचेलने हे १९६१ मध्ये मांडलं तेव्हा बहुतेकांना ते पटलं नव्हतं. बाकीचे शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन आणि एटीपी यांच्यामधलं एखादं रसायन शोधत होते, आणि हा म्हणत होता की मध्ये रसायन नाहीच, पडद्याच्या दोन बाजूंतला फरक आहे. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पडद्याला गळती लावली तर काय होतं, याचा पुरावा मात्र माणसांनी आधीच भोगला होता. १९३० च्या दशकात वजन उतरवायला डायनायट्रोफेनॉल देत. ते प्रोटॉनना सिंथेज टाळून आत सोडतं. साखर आणि चरबी झपाट्याने संपते, एटीपी होत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते. त्यात काही माणसं अंग तापून दगावली.

३० जुलै

मॅडमनी विचारलं. मी २० तारखेचं पान उघडून निळी कडा दाखवली आणि २२ तारखेचं समीकरण. त्यांनी पेन्सिलीने बारा पाण्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “आता एक बघ. हायड्रॉक्साइडशिवाय लाव नळी.”

लावली. वाटाण्यांचा थेंब २० मिनिटांत ०.०३ मिली सरकला, म्हणजे काचमण्यांइतकाच. जेवढा ऑक्सिजन आत गेला जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, सहाला सहा. मग मोड आलेल्या सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. त्यांचा थेंब हायड्रॉक्साइड नसतानाही आत आला. त्यांच्यात साठा तेलाचा, आणि तेलाच्या रेणूत ऑक्सिजन मुळातच कमी, हायड्रोजन फार. उतरवायचे इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून ऑक्सिजन जास्त लागतो आणि त्या मानाने कार्बन डायऑक्साइड कमी सुटतो. सुटलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, हे गुणोत्तर साखरेचं १, चरबीचं ०.७ च्या आसपास. माझं पहिलं वाचन ०.७६ आलं. सूर्यफुलाच्या बियांच्या नळीत काचमणी घालून हवा सारखी करायची राहिली होती. उद्या सकाळी ते करून तीन वाचनं परत घ्यायची.